फेट्याखालची गर्दी

लोकांचा हात बघून भविष्य सांगणारे महाद्वार रोडला ओळीनं बसायचे. मी पोरीचं डोकं बघून तिचं घर सांगायचे, आणि माझं कधी चुकलं नाही. या घरात माणसं सात आणि कंगवा एक. हिची आई उजाडायच्या आत शेतात भांगलायला जाते, म्हणून वेणी थोरली बहीण घालते, आणि ती ओल्या केसांवरच घालते. ही आजीच्या वाकळेत झोपते आणि आजीपण खाजवते. कानामागचे केस जरा बाजूला केले की मला एवढं वाचता यायचं. पोरगी आ वासून बघायची. शाळेतल्या बाईंना वाटायचं, हिला काही सिद्धी आहे. सिद्धी कसली, फणी होती.

शाळा तपासणीच्या पथकात मी नर्स होते. पथक म्हणजे एक जीप, जीपमध्ये डॉक्टर, मी, औषधांची पेटी आणि जीप स्वतःच्या लग्नात मिळाल्यासारखे वागणारे ड्रायव्हर रसूलभाई. डॉक्टर छाती, घसा आणि डोळे बघायचे. डोकी माझ्याकडे. मी तपासलेली डोकी एका ओळीत मांडली तर ओळीचं एक टोक आजऱ्याच्या काजूत निघेल आणि दुसरं हातकणंगल्याच्या रेल्वे फाटकात अडकेल. यात अतिशयोक्ती आहे असं आमचे हे म्हणतात, पण ते जन्मभर बँकेत होते, त्यांचा डोक्याशी संबंध आला नाही.

उवांवर दिवाळी अंकात लिहू नकोस, लोक फराळ करता करता वाचतात, असंही ह्यांनी सुचवून पाहिलं. मी म्हटलं, वाचणाऱ्यांतले निम्मे लोक वाचता वाचता डोकं खाजवतील, एवढा परिणाम आमच्या गल्लीतल्या कवीला अजून साधलेला नाही. बघा, तुमचा हात गेलाच वर.

तर आधी धंद्याचं दोन शब्दांत सांगते. ऊ उडत नाही आणि उडीही मारत नाही. ती चालते. एका डोक्याला दुसरं डोकं टेकलं की तिच्यासाठी पूल तयार होतो आणि ती बिनबोभाट पलीकडे जाते. म्हणून पोरांत उवा कमी, पोरींत जास्त. पोरं भांडतात, तीसुद्धा लांबून दगड मारून. पोरींचं सगळं जग डोक्याला डोकं लावून चालतं. गजगे खेळायचे तर, गुपित सांगायचं तर, एका पुस्तकात दोघींनी बघायचं तर. त्यात केस लांब. त्यात वर्गात बसकराच्या पट्टीवर दाटी, घरी एका वाकळेत तिघी बहिणी, कंगवा आणि रिबिनी सगळ्यांच्या सामाईक, न्हाणं रविवारच्या रविवारी, आणि रोज फणी फिरवायला आईला सवड नाही. एवढं जुळून आलं की ऊ त्या घरी माहेरपणाला आल्यासारखी राहते.

घाण मात्र यात कुठं बसत नाही. ऊ घाण खात नाही, रक्त पिते, आणि रक्त सगळ्यांचं सारखंच चविष्ट असतं. साबणानं धुतलेल्या केसांत ती आनंदानं नांदते. हे मी सरकारी पगारात जेवढ्या वेळा सांगितलं तेवढ्या वेळा रेडिओनं हवामानसुद्धा सांगितलं नसेल. विश्वास कुणी ठेवला नाही. हवामानावर तरी कोण ठेवतो.

राहिली लीख. फुंकर मारून उडाला तो कोंडा, नखानं ओढूनही केस सोडत नाही ती लीख. औषधानं ऊ मरते, लीख मरत नाही, ती आठवड्याभरात फुटते. म्हणून औषध पुन्हा लावायचं. पहिल्यांदा सगळ्या बाया लावायच्या. पुन्हा लावायला मी जीप घेऊन दारात उभी राहिले तरच.

गिऱ्हाइकं एकेक होती. एका बापानं पोरीच्या डोक्यावर रॉकेल ओतून तिला गारठ्यामुळं चुलीपुढं शेकत बसवली होती. तिला काखोटीला मारून मी अंगणात पळाले, त्या वेगानं पुढं आयुष्यात एसटीसुद्धा पकडली नाही. एका आईनं सीताफळाच्या बियांची पूड लावली. ऊ मेली, पण पूड डोळ्यांत उतरली आणि पोरगी कितीतरी दिवस उजेडाला भीत होती. ते काही मला हसत सांगता येत नाही. आणि शाहूपुरीतल्या एका बंगल्यातल्या बाई होत्या. मुलीच्या केसांत उवा आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, शक्यच नाही, आमच्याकडं शांपू परदेशातनं येतो. मी फणीवर आलेली ऊ पांढऱ्या कागदावर ठेवली. त्या तिच्याकडं बघत म्हणाल्या, ही तुमचीच असेल. असेलही. या नोकरीत माझी उशी पहिल्यापासून वेगळी होती.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. गाव हातकणंगले तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण ते लोक अजून मला गुऱ्हाळावर रस प्यायला बोलावतात. नव्वदनंतरची चार-पाच वर्षं उलटली असतील. जानेवारी चालू होता आणि आम्ही तिथल्या मराठी शाळेत तपासणीला गेलो होतो. या शाळेचं लेझीम पथक भागात गाजलेलं. चौथीच्या पोरी, नऊवारी, डोक्याला गुलाबी फेटा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ह्यांना बोलावणं, पाहुणे आले की ह्यांना बोलावणं, गावच्या जत्रेत तर पुढं पालखी की पुढं लेझीम असा वाद.

चौथीच्या वर्गात गेले तर सगळ्या पोरी दाटीवाटीनं बसकरावर, आणि एक मागं दाराशी, वेगळ्या पोत्यावर. मध्ये एवढी जागा मोकळी की तिथं म्हैस बसली असती. पोरीचं नाव प्रज्ञा. बौद्ध वस्तीतली. वडील भीमराव, गवंडी. कारखान्याच्या कॉलनीचं बांधकाम निघालं म्हणून जूनमध्ये बिऱ्हाड घेऊन या गावात आले होते.

मी हेडबाईंना विचारलं, ही तिथं का. हेडबाई चांगल्या बाई होत्या, शिकवायच्याही झकास. त्या म्हणाल्या, दिवाळीनंतर वर्गात उवा फार झाल्या, पालकांची तक्रार आली, नवीन मुलगी तेवढी हीच. तात्पुरतं बाजूला बसवलंय, स्वच्छतेच्या दृष्टीनं. मग थांबून म्हणाल्या, "माझ्या मनात तसलं काही नाही हं, सिस्टर."

तसलं काही आहे असं मी म्हटलंच नव्हतं.

पहिलं डोकं मी प्रज्ञाचं बघितलं. कानामागं बघितलं, मानेवर बघितलं, फणी फिरवली, कागद कोराच. एवढं स्वच्छ डोकं मी फक्त आमच्या गल्लीतल्या टकलू पोस्टमास्तरांचं पाहिलेलं. आई रोज दिवेलागणीच्या आधी फणी घेऊन बसते, असं पोरीनं सांगितलं. शिवाय वर्गात तिच्या जवळ कुणी जात नव्हतं, मग पूल कुठला आणि ऊ कुठली. नंतर बाकीच्या पोरींची डोकी बघितली. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर गर्दी असते ना, तशी. भेळगाडी तेवढी नव्हती.

बाहेर व्हरांड्यात एक माणूस उभा होता. हाताला सिमेंट वाळलेलं, खिशातनं अर्जाचं टोक बाहेर आलेलं. तो भीमराव. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला होता. मी विचारलं, दुसऱ्या शाळेत घालणार का. तो म्हणाला, ती शाळा हमरस्त्याच्या पलीकडं, ट्रकांची रांग कधी तुटायची नाही, पोरीला नेणारं-आणणारं कुणी नाही. घरी तान्हं पोर आहे आणि म्हातारी म्हणते, लई झालं शिक्षण, पोरगी पोराला सांभाळंल. म्हणजे दाखला हातात पडला की प्रज्ञाची शाळा तिथंच संपली. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"मग कशाला नेताय, भाऊ?" मी म्हटलं.

"मागं बसवायचंच हुतं तर शाळंत कशाला घातली असती, बाई?"

आवाज चढला नव्हता. विटेवर वीट ठेवावी तसं बोलला.

मी म्हटलं, मला आठ दिवस द्या. तो म्हणाला, "आठ दिस ती बसणार कुठं?" मी फणी पुसायला लागले. शेवटी तोच म्हणाला, आठ दिस घरी ठेवतो, तुमी काय करायचं ते करा. अर्ज खिशातच राहिला.

आत जाऊन मी हेडबाईंना सांगितलं, या मुलीची तपासणी अर्धी राहिली आहे आणि तपासणी पुरी झाल्याशिवाय दाखला देता येत नाही. असा नियम कुठल्या कागदात आहे हे त्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं. विचारलं असतं तर तो कागद मला लिहावा लागला असता.

मग मी जुळवाजुळव केली. उवा कुणाला आहेत? लेझीमच्या पोरींना, आणि त्यांच्या घरातल्या धाकट्या बहिणींना. लेझमात नसलेल्या पोरींत तुरळक. पोरांत जवळजवळ नाहीत. म्हणजे उवा लेझमाच्या चालीवर नाचत आल्या होत्या. पण लेझीम खेळताना डोक्याला डोकं लागत नाही, उलट हातभर अंतर ठेवावं लागतं, नाहीतर शेजारणीचे दात पडतात. मी पोरींना खोदून खोदून विचारलं. एक म्हणाली, "न्हाय वो बाई, आमी लांबनंच खेळतो की." मला दोन रात्री झोप नाही. आमचे हे म्हणतात, घोरत होतीस. घोरत विचार करत होते.

शनिवारी सव्वीस जानेवारीची रंगीत तालीम होती. रसूलभाईंना लेझमाचं वेड, आणि मला वेड ते कोडं सुटत नाही याचं. दोघांनी मिळून जीपची काहीतरी दुरुस्ती त्याच गावात काढली आणि तालमीला जाऊन उभे राहिलो.

फेटे बांधायला गावातले आण्णा आले होते. आण्णांचा फेटा म्हणजे फेटा. त्यांनी बांधलेला फेटा नवरदेवानं उतरवला नाही, तसाच हनीमूनला नेला, अशी ख्याती. एकेका डोक्याला वेगळा बांधत बसायचं तर दुपार व्हायची, म्हणून आण्णांनी पद्धत काढली होती. एक पोरगी स्टुलावर बसवायची. तिच्या डोक्यावर फेटा बांधायचा, दोन टाके घालायचे, झाकण काढावं तसा अलगद उचलायचा आणि पुढच्या पोरीच्या डोक्यावर ठेवायचा. की लगेच त्याच डोक्यावर दुसरा. साच्यातनं मोदक पडावेत तसे फेटे पडत होते. तुरा सगळ्यांचा एकसारखा, बघत राहावं असं काम. आणि स्टुलावर कायम एकच पोरगी, सरपंच आबांची नात, शुभांगी. आण्णांचं म्हणणं, डोकं असावं तर असं, घागरीसारखं गोल, त्यावर फेटा हलत नाही.

आता खरं सांगायचं तर टोपी-फेट्यातनं उवा सहसा जात नाहीत. डोक्यावरनं उतरलेली ऊ दिवसाभरात वाळून मरते. पण हा फेटा गरमागरम उचलून गरम डोक्यावर जात होता. उवेला वाटत असेल, दार उघडलं आणि घर तेच. आणि हे एकदा नव्हे, हंगामाच्या सुरुवातीपासून प्रत्येक कार्यक्रमाला, प्रत्येक तालमीला.

मी शुभांगीला बाजूला घेतलं आणि केस वर केले. एवढ्या वर्षांत मी मोठी मोठी डोकी पाहिली, पण इथं तर बाजार समिती भरली होती. पोरीला खाजत नाही का विचारलं तर म्हणाली, लई खाजतंय, पण आबा म्हणत्यात आपल्या घरात असलं काय नसतंय.

म्हणजे आता आबांच्या वाड्याची पायरी चढणं आलं. हेडबाई म्हणाल्या, सिस्टर, तुम्ही जा, मला इथं नोकरी करायची आहे. गेले. आबा झोपाळ्यावर. चहा झाला, उसाचा दर झाला, मग मी विषय काढला. आबांच्या कपाळाची शीर उठली.

"आमच्या घरात? नर्सबाई, आमच्यात रोज दोन बंब पाणी तापतंय."

इथं धाक घालणारी माणसं हरतात. मी म्हटलं, आबा, म्हणूनच तर. गबाळ्या केसांत ऊ राहतच नाही. तिला धुतलेला, दाट, तेल प्यालेला केस लागतो. असा केस गावात एकाच घरात आहे, मी सगळी डोकी बघून सांगते.

यात खोटं फार नव्हतं. आबांनी मिशीवरनं हात फिरवला. "व्हय, त्ये हाय. केस आमच्याकडं पिढीजात."

"मग उवाबी पिढीजात असतील. आईसाहेबांचंबी बघावं म्हणते."

तेवढ्यात आतनं आबांच्या कारभारणीचा आवाज आला, "बघा की. लगीन झाल्यापास्नं खाजवतीया, ह्यास्नी कोण सांगायचं?"

त्या दुपारी आबांच्या परसात मी तीन पिढ्यांची डोकी पांढऱ्या औषधात बुडवली. सोमवारी शाळेत सगळ्या पोरींना लावलं. आबांच्या घरात लावलं म्हटल्यावर गावात कुणी नाक मुरडलं नाही. उलट ज्यांच्या घरात उवा नव्हत्या त्या बाया हळूच विचारायला आल्या, आमच्यात का न्हाईत?

आण्णा मात्र रुसले. मी त्यांना फेटे बांधायला उपडं मडकं आणून दिलं होतं. मडक्याला कपाळ न्हाय, कान न्हाय, अंदाज घ्यायचा कशाचा, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच कोळशानं मडक्याला डोळे, नाक आणि मिशी काढली. मिशी आबांसारखी निघाली, ती पुसायला लावली. सव्वीस जानेवारीला प्रत्येक पोरीचा फेटा स्वतःचा होता, आत नावाचा दोरा टाचलेला.

हे सगळं झालं, पण दाराशी ते पोतं तसंच होतं. हेडबाईंना पटलं होतं, नाही असं नाही. पण चूक झाली हे कुणापुढं म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि हेडबाईच्या नोकरीत ती सवय कुणी लावतही नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही दुसऱ्यांदा औषध लावायला याल त्या दिवशी मी तिला पुढं बसवते. तुम्ही समोर असा म्हणजे झालं.

आठाचे दहा-बारा दिवस झाले होते, तरी माझ्या निरोपावर त्या दिवशी सकाळी भीमराव पोरीला घेऊन आला. पायताणं दाराबाहेर काढली आणि चौकटीशी उभा राहिला, आत आला नाही. खिशात अर्ज होताच. प्रज्ञाच्या दोन वेण्या, नव्या रिबिनी, दप्तर पोटाशी धरलेलं.

हेडबाई म्हणाल्या, "प्रज्ञा, ये. दुसऱ्या रांगेत बस, शुभांगीशेजारी."

पोरींनी सरकून जागा केली. शुभांगीनं हातानं बसकर झटकलं. प्रज्ञा तिथपर्यंत गेली आणि उभीच राहिली. मला वाटलं, लाजली. हेडबाईंनाही तसंच वाटलं असावं, त्या बस गं, बस, म्हणाल्या.

प्रज्ञानं माझ्याकडं बघितलं. "आधी हिचं डोकं बघा की, बाई."

सरपंचाच्या नातीचं डोकं, भर वर्गात. हेडबाई खडूकडं बघायला लागल्या. मी फणी काढायला पिशवीत हात घातला, पण माझ्याआधी शुभांगी हलली. तिनं एक रिबीन ओढून सोडली, मग दुसरी, केस पुढं घेतले आणि मान खाली घालून प्रज्ञापुढं बसली.

प्रज्ञानं दप्तर खाली ठेवलं. गुडघ्यांवर बसली. आई बघत असेल तसं तिनं पाहिलं, एक कान, दुसरा कान, मग मानेवरचे केस बोटांनी फाकवून. तिला घाई नव्हती. सगळा वर्ग माना ताणून बघत होता. एका जागी तिची बोटं थांबली. तिनं दोन नखांत काहीतरी धरलं, उजेडात बघितलं, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवलं आणि उजव्यानं दाबलं. टच्च.

मग परकराला हात पुसला आणि शुभांगीच्या शेजारी बसली.

हेडबाईंनी सतराचा पाढा सुरू केला. भीमरावानं पायताणं घातली आणि तो कामावर गेला.